पर्सेलचं 'हिअर माय प्रेअर, ओ लॉर्ड' क्वायरमध्ये कसं बसवायचं

सतराव्या शतकातला इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल याचं हे अँथम, म्हणजे चर्चमध्ये क्वायरने (गायकवृंदाने) गायची रचना, फक्त ३४ बारचं (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक तुकडा) आहे. गायला अडीच-तीन मिनिटं लागतात, शब्द स्तोत्रातल्या एकाच ओळीचे, सोलो नाही, वाद्यवृंद नाही. तरी आठ आवाजांत लिहिलंय म्हटल्यावर बरेच क्वायर त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि जे जातात त्यातले पुष्कळ जण पहिल्या दहा बारमध्येच सगळा जोर संपवून बसतात. मला हे अँथम अतिशय प्रिय आहे आणि माझं ठाम मत आहे की मध्यम कुवतीच्या पण नेमाने प्रॅक्टिसला येणाऱ्या क्वायरला ते नक्की जमतं, फक्त क्रम नीट ठेवायचा आणि घाई सोडायची. तोच क्रम खाली सविस्तर लिहितेय. ज्यांना गायचं नाहीये, नुसतं ऐकायचंय त्यांनीही वाचा, कुठे काय घडतंय ते कळलं की ऐकायला वेगळीच मजा येते.

आधी हे आहे काय ते बघू

अँग्लिकन चर्चच्या संध्याकाळच्या उपासनेला ईव्हनसाँग म्हणतात. त्यात स्तोत्रं गातात, बायबलमधले उतारे वाचतात, आणि तिसऱ्या ठरलेल्या प्रार्थनेनंतर क्वायर एक स्वतंत्र रचना गातो, ते अँथम. १६६२ च्या बुक ऑफ कॉमन प्रेअर या प्रार्थनापुस्तकात ही जागा छापूनच दिलेली आहे, म्हणजे ज्या ठिकाणी क्वायर आहे तिथे आता अँथम गावं अशी सूचनाच आहे. पर्सेलच्या काळात अँथमचे दोन प्रकार चालायचे. वर्स अँथम म्हणजे ज्यात सोलो गायकांचे तुकडे आणि मधे मधे सगळा क्वायर, आणि राजाच्या चॅपलमध्ये तर सोबत व्हायोलिनंसुद्धा असायची. दुसरं फुल अँथम, यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण क्वायर. आपलं हे दुसऱ्या प्रकारातलं.

काळ लक्षात घ्या. १६४० च्या दशकात इंग्लंडमध्ये यादवी युद्ध झालं, प्युरिटन, म्हणजे चर्चमधला थाटमाट न मानणाऱ्या कट्टर प्रोटेस्टंट लोकांच्या हातात सत्ता गेली, चर्चमधले ऑर्गन काढले, क्वायर बंद पाडले. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परत आला तेव्हा चॅपल रॉयलचा, म्हणजे राजाच्या चॅपलचा क्वायर शून्यातून उभा करायची वेळ आली, वरच्या पट्टीत गाणारी शिकलेली मुलंच नव्हती, सुरुवातीला तो आवाज कॉर्नेट नावाच्या फुंकवाद्याने भरून काढावा लागला. कॅप्टन हेन्री कुक यांनी मुलं गोळा करून शिकवली आणि १६५९ मध्ये जन्मलेला पर्सेल त्यातल्याच पुढच्या तुकडीतला. (हा दुसरा चार्ल्स म्हणजे तोच, ज्याला १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालकडून आपली मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.) १६७३ मध्ये पर्सेलचा आवाज फुटला, मग वाद्यांची देखभाल, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या ऑर्गनचं ट्यूनिंग, जुन्या रचना उतरवून काढणं अशी कामं केली, १६७९ मध्ये ॲबीचा ऑर्गनिस्ट झाला, १६८२ मध्ये चॅपल रॉयलचाही. हे अँथम साधारण त्याच सुमाराचं, म्हणजे वय जेमतेम बावीस-तेवीस.

त्याच्या हातची प्रत केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे. त्याच वहीत त्याने बर्ड, गिबन्स अशा जुन्या लोकांची अँथम स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलीत, राजाला नव्या फ्रेंच थाटाचं, पाय हलवता येईल असं संगीत आवडत असताना हा पोरगा शंभर वर्षांपूर्वीची विण अभ्यासत बसला होता. आणि या अँथमनंतर वहीत कोरी पानं सोडलेली आहेत, शेवटी नेहमीची समाप्तीची खूण नाही. त्यामुळे अभ्यासक मानतात की ही एका मोठ्या रचनेची फक्त सुरुवात असावी. पुढचं त्याने लिहिलंच नाही. गाताना हे डोक्यात असू द्या, शेवट कसा करायचा याच्याशी त्याचा संबंध आहे.

माणसं आणि प्रत

भाग आठ आहेत, उंच आवाजापासून खोल आवाजापर्यंत: दोन सोप्रानो, दोन आल्टो, दोन टेनर, दोन बेस. एकेका भागाला एकेक म्हणजे आठ जणांत होतं, पण तेव्हा श्वास लपवायला जागा राहत नाही, म्हणून भागाला दोन-तीन म्हणजे सोळा ते चोवीस माणसं सगळ्यात बरी. आपल्याकडे अडचण बहुतेक वेळा टेनरची येते. बायका वीस आणि टेनर दीड, असं असेल तर निराश होऊ नका, पर्सेलचे आल्टो मुळात काउंटरटेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषांसाठी लिहिलेले आहेत, त्यामुळे ते बायकांना तसेही खाली वाटतात. मग आल्टोच्या दोन्ही भागांत एखादा वर जाणारा टेनर आणि बाकी खालच्या आवाजाच्या बायका अशी मिसळ करा, आणि टेनरमध्ये खोल आवाजाच्या एक-दोन बायका घाला. हे सगळं पहिल्या प्रॅक्टिसच्या आधी कागदावर ठरवून या, आयत्या वेळी माणसं इकडून तिकडे हलवली की आठवडा फुकट जातो. फर्स्टला सगळे चांगले आणि सेकंडला उरलेले, असं अजिबात करू नका. या रचनेत फर्स्ट आणि सेकंड दोघांचं काम सारखंच आहे, ते एकमेकांना ओलांडून वर-खाली जातात. प्रत्येक भागात एक तरी नोटेशन वाचणारा भिडू हवा.

प्रतीचं म्हणाल तर पर्सेल १६९५ मध्ये गेला, संगीतावर कॉपीराइट नाही, सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या साइटवर पीडीएफ फुकट आणि रीतसर मिळतात. पण एखाद्या प्रकाशकाने नव्याने संपादित केलेली प्रत असेल तर त्या संपादनावर हक्क असतात, तिची झेरॉक्स काढून वाटू नका, विकत घ्या.

डाउनलोड करण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, पट्टी. मूळ सी मायनर आहे, आपल्या भाषेत पांढरी एक, पण काही प्रतींमध्ये वर चढवलेली असते आणि मग सोप्रानो खूश, बेस नाराज. दोन, बारला नंबर आहेत का. नसतील तर वाटण्याआधी स्वतः पेनने घाला, नाहीतर प्रॅक्टिसचा अर्धा वेळ 'कुठून? कुठून?' यात जातो. तीन, एकाच क्वायरमध्ये दोन वेगळ्या प्रती नकोत, एकीत नोट्स दुप्पट लांबीच्या छापलेल्या असतात आणि माणसं मोजण्यात गोंधळतात.

शब्द

स्तोत्र १०२ ची पहिली ओळ, कव्हरडेलच्या सोळाव्या शतकातल्या भाषांतरातली, जी प्रेअर बुकने तशीच ठेवली. 'हिअर माय प्रेअर, ओ लॉर्ड, अँड लेट माय क्राइंग कम अंटू दी.' हे प्रभू, माझी प्रार्थना ऐक, माझा आक्रोश तुझ्यापर्यंत पोचू दे. पीडित माणसाची प्रार्थना असं त्या स्तोत्राचं शीर्षकच आहे. सगळ्यांनी घरी अख्खं स्तोत्र एकदा मराठी बायबलमधून वाचून यावं, ख्रिस्ती असो नसो. धुरासारखे सरून जाणारे दिवस, ओसाड जागेतला पक्षी, छपरावर एकटी बसलेली चिमणी हे सगळं पुढच्या ओळींत आहे, आपण गातो ती फक्त हाक आहे.

पहिल्या प्रॅक्टिसला सुराशिवाय नुसते शब्द एका लयीत बोला, सगळे मिळून, कुजबुजत. इथेच उच्चार पक्के होतात. आपल्या तोंडात 'लॉर्ड'मधला र आणि ड दोन्ही जड येतात, जीभ मागे वळते आणि सूर तिथेच चेपला जातो. र जवळजवळ सोडून द्या, 'लॉ' लांब धरा आणि ड म्हणताना जीभ टाळूला न लावता वरच्या दातांच्या जरा मागे हलकी टेकवा. 'हिअर'चा ह ठोक्याच्या किंचित आधी सुटला पाहिजे म्हणजे स्वर बरोब्बर ठोक्यावर पडतो, नाहीतर प्रत्येक एंट्री, म्हणजे एखाद्या भागाचं गाण्यात येणं, उशिरा वाटते. 'क्राइंग'मध्ये 'क्रा' उघडा ठेवायचा, 'इ'कडे शेवटच्या क्षणी जायचं, कारण हा शब्द लांबतो आणि सोळा माणसं वेगवेगळ्या वेळी 'इ' म्हणायला लागली की कॉर्ड, म्हणजे एकत्र लागलेले सूर, गढूळ होते. 'अँड' आणि 'अंटू'च्या 'अं'वर जोर नको. 'प्रेअर' नोट्सखाली कसा तोडलाय ते प्रतीत बघा आणि सगळ्यांनी तसाच म्हणा.

पहिली ओळ, तानपुऱ्यावर

सगळी रचना दोनच कल्पनांवर उभी आहे. पहिली कल्पना 'हिअर माय प्रेअर, ओ लॉर्ड': एकच सूर पुन्हा पुन्हा, फक्त 'ओ'वर आवाज मायनर थर्डने वर जातो आणि 'लॉर्ड'वर परत खाली. सरगममध्ये सांगायचं तर सा, सा, सा करत राहायचं, 'ओ'ला कोमल ग, आणि परत सा. संपलं. इतकं कमी सामान घेऊन सुरुवात करायला छाती लागते.

आणि इथे आपल्या लोकांना एक मोठा फायदा आहे. मोबाइलवर तानपुरा लावा, पांढरी एक, आणि आठही भागांना एकत्र हीच ओळ म्हणायला लावा, बेसने खाली, बायकांनी वर, पण सूर तोच. पियानोवर शिकवू नका. पियानोचा आणि हार्मोनियमचा कोमल ग शुद्ध मायनर थर्डपेक्षा साधारण १६ सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सहाव्या हिश्शाएवढा, आणि मायनर म्हटलं की माणसं आपोआप अजून खाली ढकलतात कारण 'दुःखी' वाटायला हवं ना. तानपुऱ्यासमोर गायलं की तो ग आपसूक वर, जागेवर बसतो आणि एकदम उजळ वाटतो. ज्यांनी थोडंफार शास्त्रीय शिकलंय त्यांना हे लगेच ऐकू येतं, त्यांना बाकीच्यांमध्ये पसरवून उभं करा.

सतत त्याच सुरावर राहणं हीच खरी परीक्षा आहे. पुनरावृत्तीत सूर घसरतो. प्रत्येक 'सा' नव्याने घ्या, आधीच्यावर रेलू नका, आणि 'ओ'वरून 'लॉर्ड'वर येताना उतरताना जरा कमीच उतरतोय असं मनात धरा. पंधरा मिनिटं फक्त एवढंच करा, कंटाळा आला तरी. नंतरच्या सगळ्या कॉर्ड याच सा आणि ग वर उभ्या आहेत.

सोल्फाने शिकलेले लोक क्वायरमध्ये असतील तर आधीच एक स्पष्ट करा. टॉनिक सोल्फा ही सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांची एकोणिसाव्या शतकातली पद्धत, मिशनच्या लोकांमुळे भारतातही आली, ईशान्येकडे तर आजही सर्रास चालते. तिच्यात मायनर पट्टी 'ला'पासून सुरू होते. म्हणजे ज्याला सरगमवाला 'सा' म्हणतो त्यालाच सोल्फावाला 'ला' म्हणतो. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच प्रॅक्टिसमध्ये दोन्ही आरडाओरडा नको, एक ठरवा.

दुसरी ओळ

'अँड लेट माय क्राइंग कम अंटू दी' हिचा स्वभाव उलट. ही अर्ध्या अर्ध्या सुरांनी वळत जाते, एका सुराच्या शुद्ध आणि कोमल दोन्ही रूपांना चाटून जाते. काही ठिकाणी ती उलटी पण येते, म्हणजे जिथे वर वळत होती तिथे खाली वळते. हीसुद्धा आधी सगळ्यांना एकत्र शिकवा, प्रत्येक भागाने आपली आपली नाही. कोणत्याही एका भागातली सोपी एंट्री निवडा आणि अख्ख्या क्वायरकडून म्हणून घ्या, अगदी हळू, प्रत्येक अर्ध्या पावलावर थांबून. वर जाणारा अर्धा सूर मोठा घ्यायचा, खाली येणारा लहान, हा जुना क्वायरमास्तरांचा नियम इथे फार उपयोगी पडतो. ग्लाइड करायचं नाही. मींड आपल्या गळ्यात असते, सुंदर असते, पण इथे आठ जण एकाच वेळी वेगवेगळ्या मींड घेऊ लागले तर काहीच ऐकू येणार नाही, तेव्हा सुरावरून सुरावर सरळ पाऊल.

अजून एक इशारा आधीच देऊन ठेवा, नाहीतर बिचारे गायक चुकलो म्हणून थांबतात. एका आवाजात शुद्ध सूर वाजतो आणि लगेच शेजारच्या आवाजात त्याचंच कोमल रूप. ती छपाईची चूक नाही. त्या काळच्या इंग्रजी संगीतात हे मुद्दाम करायचे आणि पर्सेलला तर त्याचं वेडच होतं. तिथे आपलाच सूर ठाम धरायचा, शेजाऱ्याकडे झुकायचं नाही.

मग उलटं शिका, शेवटाकडून

बहुतेक क्वायर पहिल्या बारपासून सुरू करतात, त्यामुळे सुरुवात घोटून घोटून छान होते आणि शेवटचे दहा बार, जिथे सगळा जीव आहे, ते कायम कच्चे राहतात. मी म्हणेन दुसऱ्या प्रॅक्टिसलाच शेवटचे आठ-दहा बार काढा. इथे आठही आवाज एकत्र येतात आणि शेवटच्या 'कम' या शब्दावर एक प्रचंड कॉर्ड उभी राहते, सूर सुराला खेटून, जणू अख्खी रचना या एका घर्षणासाठीच चालत आली होती. ती सुटते आणि येते शेवटची कॉर्ड, तिच्यात ग नाहीच. नुसते सा आणि प. ज्या कोमल ग ने पहिल्या ओळीत सगळं सांगितलं तोच शेवटी काढून घेतलाय.

ती 'कम'वाली कॉर्ड बसवायची रीत अशी. लय काढून टाका. आधी दोन्ही बेसना त्यांचा सूर धरायला सांगा, 'आ'कारात, मध्यम आवाजात. त्यावर टेनर एकेक करून चढवा. प्रत्येक नवा सूर आला की थांबा, ऐकू द्या, ज्या दोन सुरांची टक्कर होतेय त्या दोन भागांना बाकीच्यांना गप्प करून एकमेकांसमोर उभं करा आणि फक्त तेवढ्या दोन सुरांवर पाच-सहा सेकंद राहू द्या. सुरुवातीला कोणीतरी नक्की सरकतं, टक्कर नकोशी वाटते म्हणून गळा आपोआप गोड सुराकडे पळतो. परत आणा. तीन-चार वेळा केलं की दोघांनाही कळतं की टक्कर जितकी नेमकी तितकी ती कमी कर्कश लागते, कर्कश लागते ती अर्धवट टक्कर. मग आल्टो, मग सोप्रानो. सगळे आले की खुणेसरशी शेवटच्या कॉर्डवर जा आणि तिथे पुन्हा तानपुरा लावून सा-प तपासा.

असंच मधल्या सगळ्या सस्पेन्शनचं. सस्पेन्शन म्हणजे एक आवाज आधीच्या कॉर्डचा सूर धरून ठेवतो, बाकीचे पुढे सरकतात, ठोक्यावर दोघांची टक्कर होते आणि मग धरून ठेवणारा एक पायरी खाली उतरतो. प्रत्येकाने आपल्या प्रतीत अशा जागा पेन्सिलने गोल करायच्या. नियम एकच: टक्कर येईपर्यंत सूर वाढवत न्यायचा, उतरताना मऊ व्हायचं. पाहुण्या सुराला दार उघडणारा भाग वेगळा आणि आत येणारा वेगळा, दोघांनाही माहीत पाहिजे की आता आपलं काय काम आहे.

आवाज वाढवायचा नाही, वाढू द्यायचा

पर्सेलच्या हस्तलिखितात हळू-मोठ्याने अशा खुणाच नाहीत. तुमच्या प्रतीत पियानो (हळू), क्रेसेंडो (आवाज वाढवत नेणं) वगैरे छापलं असेल तर ते संपादकाचं. ही रचना एका आवाजाने सुरू होते, मग दुसरा, तिसरा, सहा, आठ. म्हणजे क्रेसेंडो माणसं वाढवूनच लिहिलेला आहे, वेगळा करायची गरजच नाही. सुरुवातीच्या प्रॅक्टिसमध्ये मी तर सांगेन की अख्खी रचना एकाच मध्यम-हळू आवाजात गाऊन बघा, कोणीही जोर लावायचा नाही, आणि कोणालातरी मागच्या बाकावर बसवून रेकॉर्ड करायला सांगा. ऐकल्यावर सगळ्यांना आश्चर्य वाटतं, कारण आवाज तरीही वाढत गेलेला असतो. मग त्यावर थोडंसंच घाला. साधारण शेवटच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जोर राखून ठेवायचा आणि तिथून पुढे उतरायचंच नाही, थेट त्या 'कम'पर्यंत.

नवीन एंट्री घेणारा भाग जरा वर यावा, ज्यांचं वाक्य संपत आलंय त्यांनी वाट द्यावी. खूप क्वायरमध्ये सोप्रानो वर असल्यामुळे कायम ऐकू येतात आणि सेकंड टेनरची सुंदर एंट्री बुडते. एकदा फक्त 'हिअर माय प्रेअर'च्या एंट्री सगळ्यांनी म्हणायच्या आणि बाकी वेळी गप्प, एकदा फक्त 'अँड लेट माय क्राइंग'च्या. या दोन फेऱ्यांत रचनेचा सांगाडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

लयीबद्दल. अडीच मिनिटांत ३४ बार म्हणजे एका बारला साधारण साडेचार सेकंद. याहून फार हळू घेतलं की श्वास पुरत नाही आणि ओढ जाते, माणसांना वाटतं करुण म्हणजे संथ. नाही. प्रार्थना करणारा माणूस थांबलेला नाही, तो मागत चाललाय. शेवटी थोडं रुंद करा, आधी नको.

श्वास आणि सूर घसरणं

लांब वाक्यांमध्ये श्वास वाटून घ्या. एका भागात तिघे असतील तर कोण कुठे घेणार ते नाव लिहून ठरवा, आणि सगळ्यांनी शब्दाच्या मधे, स्वर चालू असताना गुपचूप घ्यायचा, बारच्या रेषेवर नाही, कारण बारच्या रेषेवर सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. परत आत येताना सूर उघडा आणि हळू धरायचा. विश्रांतीच्या जागा मात्र खऱ्या विश्रांती आहेत, तिथे 'लॉर्ड'चा ड नेमक्या ठोक्यावर बंद करा म्हणजे पुढच्या भागाची एंट्री स्वच्छ ऐकू येते.

अर्ध्या सुरांची इतकी वळणं असल्यावर बिनसाथीचा क्वायर खाली घसरतोच. दर वेळी संपलं की ट्यूनिंग फोर्कने तपासा, किती घसरलो ते सगळ्यांना ऐकवा, रागावू नका. घसरण्याच्या ठरलेल्या दोन-तीन जागा असतात, शोधून काढा. बहुतेक वेळा त्या जिथे 'क्राइंग' खाली उतरतं तिथेच सापडतात. ऑर्गनची हलकी साथ घेतली तरी हरकत नाही, त्या काळी ऑर्गन क्वायरबरोबर वाजायचाच, फक्त मऊ पाइपचा एखादा स्टॉप ठेवा आणि वादकाला वरच्या आवाजांना झाकू देऊ नका. कीबोर्डवर स्ट्रिंग्सचा टोन लावून मात्र वाजवू नका, त्या थरथरत्या आवाजात टक्कर ऐकूच येत नाही.

उभं कसं राहायचं आणि कुठे

इंग्लंडच्या कॅथेड्रलमध्ये क्वायर समोरासमोर दोन बाजूंना बसतो, डीनच्या (कॅथेड्रलच्या प्रमुख पाद्र्याच्या) बाजूचे ते डेकानाय आणि प्रिसेंटरच्या (गायन सांभाळणाऱ्याच्या) बाजूचे कॅन्टोरिस. तुमच्याकडे तशी जागा असेल तर सगळे फर्स्ट एका बाजूला आणि सगळे सेकंड दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रत्येक बाजूला पूर्ण चार आवाज होतात आणि एंट्री एका बाजूकडून दुसरीकडे जाताना ऐकणाऱ्याला कळतं. एकाच रांगेत उभं राहायचं असेल तर बेस मधे मागे ठेवा, सगळ्यांना पाया ऐकू यायला हवा.

खोली महत्त्वाची. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये सूर रेंगाळतो आणि टकरी एकमेकांत मिसळतात, तिथे शब्द जास्त चावून म्हणा आणि लय किंचित सैल ठेवा. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, १७१८ च्या नाताळात उघडलेलं, कुलाब्याचं अफगाण चर्च आहे, दोन्ही मूळची अँग्लिकन आणि १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. अशा वास्तूंत शांत बसून जरा टाळी वाजवून बघितलं तरी फरक समजतो. उलट पडदे, कार्पेट आणि एसी असलेल्या हॉलमध्ये सूर लगेच मरतो, तिथे स्वर लांब धरा आणि माणसं एकमेकांच्या जवळ उभी करा.

ऐकायचं काय

रॉबर्ट किंग यांनी किंग्ज कन्सर्ट या आपल्या समूहाबरोबर पर्सेलचं सगळं चर्च संगीत हायपेरियन या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड केलंय, त्यातलं हे ऐका, आणि मग एखाद्या कॅथेड्रल क्वायरचं ऐका ज्यात वरचा आवाज मुलं गातात. मुलांच्या आवाजात कंप कमी असतो, त्यामुळे टकरी काचेसारख्या लख्ख लागतात. बायकांच्या क्वायरनेही तोच सरळ सूर धरायचा प्रयत्न करावा, निदान शेवटच्या बारमध्ये. पण रेकॉर्डिंग तिसऱ्या-चौथ्या प्रॅक्टिसनंतरच वाटा. आधी दिलं की लोक नक्कल करतात, प्रत बाजूला राहते.

उपासनेत गाताना

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत हे अगदी योग्य. प्रत्यक्ष गाताना पहिला सूर फोर्कवरून घ्या, कीबोर्डवर मोठ्याने कॉर्ड वाजवू नका, एकट्या आवाजाने सुरू होणाऱ्या गोष्टीआधी आठ सुरांची कॉर्ड ऐकवली तर मजाच गेली. कंडक्टरने शेवटच्या सा-प नंतर हात लगेच खाली आणू नये. वहीत पुढची पानं कोरी आहेत, तर आपणही पुढे लगेच काही जोडू नये, दहा-बारा सेकंद तसेच उभे राहा, प्रार्थना म्हणणाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा. कॉन्सर्टमध्ये असेल तर याच्यानंतर कधीही धूमधडाक्याचं काही ठेवू नका, आणि लोकांना टाळ्या वाजवायच्याच असतील तर वाजवू द्या, डोळे वटारू नका.

आठ भाग अजिबातच जमत नसतील तर पर्सेलचीच दोन छोटी फुल अँथम आहेत. 'रिमेंबर नॉट, लॉर्ड, अवर ऑफेन्सेस' पाच आवाजांचं आहे, टकरी तशाच, पण माणसं कमी लागतात. आणि 'दाऊ नोएस्ट, लॉर्ड' चार आवाजांचं, जवळजवळ सगळे शब्द सगळ्यांनी एकदम म्हणायचे, त्यामुळे नव्या क्वायरलाही दोन-तीन प्रॅक्टिसमध्ये येतं. ते १६९५ च्या मार्चमध्ये राणी मेरीच्या अंत्यविधीला गायलं गेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्सेल स्वतः गेला तेव्हा ॲबीमध्ये त्याच्यासाठीही. आधी ते बसवा, त्यात सस्पेन्शन कसं धरायचं ते अंगवळणी पडू द्या, आणि पुढच्या लेंटला आठ भागांकडे या.